दोघी, हरिपूरचं पेव आणि एक खून : थरारकादंबरीचा शेवट अडलाय, मदत हवी

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. तीन वर्षं एक कादंबरी लिहितेय. सव्वादोनशे पानं झाली आणि शेवटाला गाडं अडलंय, म्हणून हा धागा.

कथा सांगलीतली. शालन आणि विमल गावभागातल्या एका जुन्या वाड्यात भिंतीला भिंत लागून राहतात. शालनचा नवरा हणमंत हळदीच्या पेठेत मुकादम. विमल नवऱ्याने टाकलेली, पिको-फॉल करून पोट भरते. हणमंत शालनला मारतो. रोज नाही मारत, आणि तेच जास्त वाईट, कारण कधी मारेल याचा अंदाज येत नाही. शालन दोनदा माहेरी गेली, दोन्ही वेळा भावानेच परत आणून सोडलं. भिंतीपलीकडे विमलला सगळं ऐकू येतं. दोघींची एक खूण ठरलेली आहे. घर शांत झालं की विमल पळीने भिंतीवर दोनदा वाजवते. पलीकडून एकदा आवाज आला की समजायचं, शालन आहे. सकाळी हणमंत पेठेत गेला की विमल सहाणेवर आंबेहळद उगाळते आणि शालनच्या पाठीवरच्या मुक्या मारावर लावते. नवरा दिवसभर हळदीची पोती मोजतो आणि घरात बायकोच्या पाठीला हळद! हे चित्र डोक्यात बसलं आणि त्यातूनच सगळं सुरू झालं.

ऑगस्ट २०१९. कृष्णा वाढत जाते, वाडा रिकामा होतो. त्या गोंधळात हणमंत हरिपुरातल्या सासऱ्यांच्या हळद साठवायच्या जुन्या पेवात मरतो. दोघींनी ठरवून मारलेलं आहे. पाणी उतरल्यावर दोघी सांगतात, पुरात गेला. समाप्त.

तिघी मैत्रिणींना वाचायला दिलं. तिघींनाही आवडलं, "मेला ते बरं झालं" म्हणाल्या. मला मात्र शेवट खोटा वाटतोय आणि नेमका कुठे खोटा ते सापडत नाही. मोकळेपणाने सांगा.

पेवकऱ्याचा_नातू

पेवाबद्दल सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

आपण एखाद्या गोष्टीचं "पेव फुटलं" म्हणतो, ते पेव आमच्या हरिपुरात खरोखरचं होतं. जमिनीत खोल खणलेलं, तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत रांजणासारखं फुगत गेलेलं. तिथली माती अशी की ओल आत येत नसे. हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. वर फरशी, फरशीवर माती. कुणाचं पेव कुठे आहे हे शेजारच्याला ठाऊक, बाहेरच्याला पायाखाली काय आहे याचा पत्ता नसे.

पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आजोबा आधी दोरीला बांधून कंदील सोडायचे. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही असं समजायचं, आणि फरशी बाजूला करून पेव तसंच उघडं ठेवायचं. मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा कंदील अर्ध्यावरच विझला आणि आजोबांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. ते काहीच बोलले नाहीत. तो अंधार मला अजून आठवतो.

आता तुमची चूक. हरिपुरातली बहुतेक पेवं २००५ च्या महापुरातच गेली. आमचंही गेलं. पाणी उतरल्यावर पेव होतं तिथे जमीन खचून खड्डा पडला होता, आणि सडक्या हळदीचा वास पुढे कितीतरी दिवस अंगणात होता. २०१९ चा पूर तर त्याहून मोठा, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर पाणी. तेव्हा पेवात ठेवलेली गोष्ट पुरानंतर पेवातच राहील हे गृहीत धरू नका. जमीन खचते आणि खालचं वर येतं.

कृष्णाकाठची

नातू, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. "खालचं वर येतं" हे मला सुचलंच नव्हतं. आणि तो कंदील! माझ्या सव्वादोनशे पानांत कंदील कुठेच नाही. घेऊ का मी तो?

पेवकऱ्याचा_नातू

घ्या की. आजोबांना आवडलं असतं.

वकील_राजवाडा

मी साताऱ्यात फौजदारी वकिली करतो. कायद्याच्या अंगाने चार गोष्टी, तुमच्या कथेला उपयोगी पडतील.

पहिली. घटना २०१९ ची आहे, म्हणून खुनाचं कलम जुन्या भारतीय दंड संहितेचं लागेल, ३०२. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना. हल्लीच्या कथांमध्ये ही गफलत फार दिसते.

दुसरी, आणि माझ्या मते तुमचा खरा शेवट इथे आहे. प्रेत मिळालं नाही तर हणमंत मेला असं कायदा मानत नाही. पोलिसांत मिसिंग दाखल होईल. ज्यांना त्याची खबर असायला हवी त्यांना सात वर्षं त्याची काहीही खबर नसेल, तर तो मेला असं गृहीत धरता येतं आणि त्यासाठी दिवाणी कोर्टात जावं लागतं. म्हणजे २०१९ पासून २०२६. तोपर्यंत शालन ना सुवासिनी ना विधवा. मंगळसूत्राचं काय करायचं? घराचा उतारा कुणाच्या नावावर? हळदीकुंकवाला बोलावायचं की नाही? भावकीतला एक जरी माणूस "मला तो पंढरपुरात दिसला" असं म्हणाला तरी सगळं लांबणीवर.

तिसरी. पुरात दगावलेल्याच्या वारसाला सरकारी मदत मिळते, तेव्हा ती चार लाख होती. शालनने ती मागितली तर फसवणुकीचा आणखी एक गुन्हा डोक्यावर. नाही मागितली तर गल्ली विचारणार, का गं, का नाही मागत?

चौथी. सात हा आकडा आमच्या कायद्यात दुसऱ्या बाजूनेही येतो. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद मेली तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी होते. १९८३ ची दुरुस्ती आहे ती. त्याच साली नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं कलम, ४९८अ, आलं. सात वर्षांनंतर मेली तर तपास करायचा की नाही हे बरंचसं चौकीतल्या माणसावर येऊन पडतं. तुमच्या शालनच्या लग्नाला किती वर्षं झालीत?

कृष्णाकाठची

अकरा.

काका, मी २०१९ ला कादंबरी संपवली आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते असं तुम्ही म्हणताय. पटलं.

अभिजित_मिरज

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. अशा कथांमध्ये पुरुष म्हणजे राक्षस आणि त्याला मारलं की वाचक टाळ्या वाजवणार, हे फार सोपं झालंय. मी पुरुष आहे म्हणून बोलत नाही, वाचक म्हणून बोलतोय. हणमंत पहिल्या पानापासून वाईट असेल तर मला शालनची भीती कळत नाही, फक्त त्याची चीड येते.

रोहिणी_म

अभिजित, तुमच्याशी निम्मी सहमत. माझ्या ओळखीत असा एक गृहस्थ होता. गल्लीत त्याच्याइतका मदतीला धावणारा दुसरा नाही. गणपतीत वर्गणी त्याची पहिली, कुणाच्या मयताला खांदा द्यायला तोच पुढे. मुलांना पेठेतून येताना भडंगाची पुडी हमखास. आणि बायको उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज घालायची. तिने कुणाला सांगितलं असतं तर कुणीही विश्वास ठेवला नसता, आणि हे तिला माहीत होतं.

हणमंतला असा करा. वाचकाला तो आवडला पाहिजे. विमलच्या शिवणयंत्राचा पट्टा तुटला तर तो स्वतः बसून नवा घालून देईल आणि पैसे घेणार नाही. मग रात्री पलीकडून आवाज येईल. विमलला तेव्हा जे वाटेल ना, ते लिहा.

पण "सोपं झालंय" हे पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत दिसलं की हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली. बाकीच्या गप्प. त्यांच्या मनातला राग कुठे जात असेल? कथेत तरी जाऊ दे.

कुंडलकर

आमच्या भागाला अशा शिक्षेचा इतिहास आहे. प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते ४६, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या चळवळीत गावोगाव न्यायदान मंडळं होती. गुंड, दरोडेखोर, बायकांना छळणारे यांना तळपायांवर काठ्यांचे फटके बसायचे. त्याला लोक पत्री मारणं म्हणत, आणि त्यावरून पत्री सरकार हे नाव पडलं असं सांगतात. माझी पणजी सांगायची, की चावडीवर एकाला शिक्षा झाली की चार गावांत बायकोवर हात उगारताना माणूस दोनदा विचार करायचा.

वकील_राजवाडा

कुंडलकर, आदर ठेवूनच सांगतो, ती शिक्षा चावडीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होत होती. पेवातलं कृत्य अंधारातलं आहे. दोन्हींत तोच फरक आहे.

जवळचं उदाहरण घ्यायचं तर नागपूरचं घ्या. १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबा नगरात वर्षानुवर्षं दहशत माजवणाऱ्या अक्कू यादवला तिथल्या बायकांच्या जमावाने भर न्यायालयात मारलं. पोलीस पकडायला आले तेव्हा वस्तीतल्या बायका म्हणाल्या, आम्ही सगळ्यांनी केलं, सगळ्यांना धरा. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. ती गोष्ट वाचताना मला नेहमी वाटतं, की त्या बायका आधी कितीदा चौकीच्या पायऱ्या चढल्या असतील, त्याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

आणि शालन पकडली गेली तर काय, हेही सांगून ठेवतो. स्वसंरक्षणाचा हक्क जिवाची भीती समोर उभी असेल तोवरच. ठरवून केलेल्या कृत्याला तो मिळत नाही. "गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ" हा अपवाद आहे, पण आकस्मिक या शब्दावर बायका अडतात. पुरुषाचा राग एका क्षणात भडकतो. मार खाणारीचा राग वर्षानुवर्षं साचत जातो, आणि तिचा नवरा अंगाने दांडगा असतो, म्हणून ती तो झोपायची वाट बघते. १९८९ साली मद्रास उच्च न्यायालयाने सततच्या, साचलेल्या प्रक्षोभाचा विचार केला. त्याच साली इंग्लंडमध्ये किरणजीत अहलुवालिया या पंजाबी बाईने दहा वर्षांच्या छळानंतर नवऱ्याला जाळलं. जन्मठेप झाली, आणि १९९२ मध्ये अपिलात ती शिक्षा रद्द झाली. आपल्याकडे गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशाच एका बायकोचा गुन्हा खुनावरून सदोष मनुष्यवधावर आणला. वाट आहे, पण अरुंद आहे.

मंदाताई_वाळवा

मी इथे वाचत असते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझी एक मैत्रीण होती. नाव सांगत नाही, तिची मुलं मोठी झालीत, त्यांची घरं आहेत. १९९२ साल. आमची घरं एका बोळात. तिचा नवरा तिला मारायचा हे मला माहीत होतं. माझ्याकडे येऊन ती तव्यावरची गरम भाकरी खायची, कारण घरी तिच्या वाट्याला शिळी. मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. विमलसारखी पळी वाजवायची अक्कलही मला सुचली नाही.

एका संध्याकाळी आरडाओरडा झाला. स्टोव्हचा भडका उडाला म्हणाले. मी दवाखान्यात तिच्याजवळ बसले होते. जबाब घ्यायला साहेब आले. तिने सांगितलं, स्टोव्ह पेटवताना भडका उडाला, कुणावर संशय नाही. साहेब गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरं कुणाजवळ राहतील गं? बाप तरी राहू दे त्यांना." तिसऱ्या दिवशी गेली.

स्टोव्ह पेटवणारी बाई पुढून भाजते. तिची पाठ भाजली होती. अंघोळ घातलेल्या सगळ्या बायकांनी ते पाहिलं. आम्ही पाच जणी होतो. पाचही जणी गप्प बसलो. लग्नाला आठ वर्षं झाली होती तिच्या. वकीलसाहेबांनी सात वर्षांचं लिहिलं ते वाचलं आणि मला रात्री झोप आली नाही.

त्या माणसाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. मी त्या लग्नात जेवले.

तू शालनला मारू दे की नको मारू दे, मला त्यातलं कळत नाही. पण विमल ऐकते आणि आंबेहळद उगाळते आणि आणखी काही करत नाही, अशी किती वर्षं गेली ते लिही. मला ते वाचायचं आहे.

रोहिणी_म

मंदाताई, काय बोलू. तुमच्याजवळ येऊन बसावंसं वाटतंय.

पेवकऱ्याचा_नातू

मंदाताई, नमस्कार.

शुभदा_विश्रामबाग

कालपासून हा धागा तीनदा उघडला आणि काही न लिहिता बंद केला.

मंदाताईंनी लिहिलं त्यावरून एक आठवलं. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. त्यांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' लिहिलं. संशयाने बायकोला मारणाऱ्या नवऱ्याची गोष्ट. शेक्सपिअरच्या नाटकात तिची सोबतीण शेवटी सगळ्यांसमोर खरं बोलते, स्वतःच्या नवऱ्याच्या विरोधात बोलते, जीव जातो तरी बोलते. पण बोलते ती मैत्रीण मेल्यावर. कॉलेजात शिकताना मला ती फार शूर वाटली होती. आता वाटतं, एक रात्र आधी बोलली असती तर? कृष्णाकाठची, तुमची विमल त्याच हरिपुरात पोचते. ती एक रात्र आधी पोचलेली सोबतीण आहे.

आणि एक विनंती. पूर हा इथल्या माणसांसाठी कथेचा पडदा नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली, त्यात गेलेल्यांची घरं अजून आहेत. "पुरात गेला" असं खोटं सांगताना तुमच्या दोघींना त्या घरांची आठवण आली पाहिजे.

अभिजित_मिरज

मंदाताईंचा प्रतिसाद वाचला. माझं "सोपं झालंय" हे वाक्य मागे घेतो.

कृष्णाकाठची, एक वाचक म्हणून सांगतो. थरार खुनाच्या रात्रीत नकोच. सात वर्षं रोज भिंतीपलीकडे ती दुसरी बाई आहे, जिला सगळं माहीत आहे. मैत्री टिकेल का? एक दमली आणि तिला कुणाला तरी सांगून मोकळं व्हावंसं वाटलं तर? मला ते वाचताना धडकी भरेल.

रोहिणी_म

आणि कायद्याचे दरवाजे पुस्तकात आधी वाजवून घ्या, नाहीतर कुणीतरी विचारणारच, तक्रार का नाही केली. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे, १८१ नंबर आहे. अर्ज आल्यावर तीन दिवसांच्या आसपास पहिली तारीख पडावी आणि साठ दिवसांत निकाल लागावा असं त्या कायद्यात लिहिलंय. शालनच्या हातात पुढचीच तारीख पडत जाते, आणि प्रत्येक तारखेनंतरची रात्र तिला त्याच घरात काढायची असते. एक प्रकरण एवढंच करा.

आणखी एक. आपल्याच जिल्ह्यात १९८० च्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा, प्रश्न धरून लढा दिला. त्यातल्या इंदूताई पाटणकर कासेगावच्या. विमलची आई त्या मोर्चात गेलेली असू शकते. तिच्या पेटीत त्या वेळचा एक बिल्ला ठेवा.

कृष्णाकाठची

चार दिवस फक्त वाचत होते. आता सांगते काय ठरवलं.

खून शंभराव्या पानाच्या आसपास येईल, शेवटी नाही. पूर, पेव, कंदील. कंदील दोरीने खाली सोडल्यावर विझतो आणि दोघींना ते दिसतं. हणमंत विचारतो, "पेटलाय का?" शालनच्या तोंडून शब्द निघत नाही. विमल म्हणते, "पेटलाय." एवढंच. एका शब्दाने माणूस मेला. अकरा वर्षं गप्प बसलेली बाई पहिल्यांदा बोलते आणि ते खोटं असतं.

नातू, तुमचं ऐकून पुरानंतर जमीन खचते. पण वर काय येतं हे मी वाचकाला लगेच सांगणार नाही. शालन दर पावसाळ्यात तो खड्डा मातीने भरत राहते.

मग सात वर्षं. मदतीचा अर्ज ती भरते, सही करते आणि फाडून टाकते. ब्रह्मनाळच्या एका बाईशेजारी ती तहसीलच्या बाकावर बसलेली असते, शुभदाताई, ते तुमच्यामुळे. मंगळसूत्र घालायचं की काढायचं यावरून दोघींचं पहिलं भांडण होतं. रात्री विमल सवयीने पळी वाजवते आणि एके रात्री पलीकडून उत्तर येत नाही.

हणमंत शिवणयंत्राचा पट्टा घालून देतो तो प्रसंग कालच लिहून झाला. लिहिताना मला तो माणूस आवडला, आणि मी उठून दार लावून घेतलं.

मंदाताई, विमल काहीच करत नाही ती वर्षं आधी साडेतीन पानांत आटपली होती. आता चाळीस पानं झाली आहेत. तुमची परवानगी असेल तर पाच बायका आणि भाजलेली पाठ, हे विमलच्या आईच्या आठवणीत घालू का? नाव, गाव काही येणार नाही.

मंदाताई_वाळवा

घाल. पाच नको, चार लिही. पाचवी मी, मला वेगळी ठेव.

आणि एक कर. माझ्या मैत्रिणीला संगमावर जायचं होतं, हरिपूरला. कृष्णा-वारणा मिळते ते बघायचं होतं. आमच्या गावापासून किती लांब, पण सात-आठ वर्षांत जमलं नाही, तो सोडायचा नाही. पुस्तकात एखाद्या दुपारी शालन आणि विमल तिथे नुसत्या जाऊ देत. खून नको, बोलणं नको. भडंग बांधून न्यायचं, वर कच्चा कांदा चिरायचा, आणि दिवस मावळेपर्यंत घाटावर बसायचं.

कृष्णाकाठची

लिहिते, ताई. रविवारी स्वतः जाऊन बसते आणि मग लिहिते. तुम्ही येता का? येताना वाळव्याहून तुम्हाला घेऊन जाईन.

मंदाताई_वाळवा

येते. कांदा मी आणते.